पाहुण्यासाठी ओसरी : रुग्णालयातील वाय-फाय आणि अतिथी-खाती

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा दरवर्षीप्रमाणे लसीकरणावर किंवा बालकांच्या आहारावर चार पाने लिहून मोकळे व्हावे, असे मनात होते. परंतु गेल्या काही वर्षांत ज्या गोष्टीने माझी झोप सर्वाधिक उडवली, ती बालरोगशास्त्राच्या एकाही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ती गोष्ट म्हणजे रुग्णालयात येणाऱ्या पाहुण्याला वाय-फाय कसे द्यावे. विषय ऐकून काही समव्यवसायी हसतील. मीही हसलो असतो. पण २०१९ च्या पावसाळ्यातील एका रात्रीनंतर हसू येईनासे झाले. आपल्यापैकी अनेकांची स्वतःची लहान-मोठी रुग्णालये आहेत, आणि या बाबतीत जी चूक मी केली ती थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी चालू असावी, असा माझा अंदाज आहे. म्हणून हा खटाटोप.

ती रात्र

चार दिवसांचे बाळ. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. दुपारी आमच्याकडे आणले तेव्हा अंगावर हळद माखावी तशी कावीळ होती आणि बिलिरुबिन २०.१. निळ्या दिव्यांखाली ठेवले, शिरेतून द्रव सुरू केला, रक्तपेढीला कल्पना देऊन ठेवली. रात्री दहा वाजता पुन्हा नमुना पाठवायचा आणि आकडा चढता असेल तर रक्तबदल करायचा, असे ठरवून मी घरी जेवायला गेलो.

साडेनऊच्या सुमारास पावसात वीज गेली आणि क्षणभरात आली. जनित्र होते, त्यामुळे कोणाला काही जाणवले नाही. नमुना वेळेवर गेला. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तो वेळेवर तपासला गेला, आणि दहा चाळीसला तंत्रज्ञाने संगणकावर अहवाल पाठवून दिला. आकडा होता २१.८. नवजात कक्षातल्या संगणकावर मात्र काहीच आले नाही. निवासी डॉक्टरने इंटरकॉम उचलला, तो मुका. त्याच वेळी शेजारच्या पाळण्यातील बाळाला झटके आले आणि तो तिकडे गुंतला. अहवाल तयार नसेल, असे सिस्टरने गृहीत धरले. कागदाची चिठ्ठी घेऊन खाली-वर करणाऱ्या मावशींचे ते काम आम्हीच वर्षभरापूर्वी ‘आता सगळे कॉम्प्युटरवर येते’ म्हणून बंद केले होते. मी बारा वाजता परत आलो, विचारले, आणि स्वतः जिना उतरून खाली गेलो, तेव्हा तो आकडा मला कळला. सव्वा तास वाया गेला होता. रक्त जुळवून रक्तबदल सुरू होईपर्यंत पहाटेचे तीन वाजले.

बाळ बरे झाले. तीन महिन्यांनी केलेली श्रवणाची चाचणीही स्वच्छ आली. तो मुलगा आता शाळेत जातो आणि माझ्या दवाखान्यात आला की टेबलावरचा स्टेथोस्कोप पळवतो. परंतु कर्निक्टेरस झालेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या सव्वा तासाची किंमत निराळी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी जाळ्याची व्यवस्था पाहणारा तरुण आला. दोन तासांनी त्याने दुसऱ्या मजल्यावरील एका खाजगी खोलीतून हाताच्या तळव्याएवढा एक राउटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. खोलीत डेंग्यूची एक मुलगी दाखल होती. तिचे वडील परदेशी कंपनीचे काम रात्रपाळीत करणारे. त्यांनी आदल्या दिवशी स्वागतकक्षात वाय-फायचा पासवर्ड मागितला होता आणि ‘वाय-फाय फक्त स्टाफसाठी आहे’ असे आमच्या बेनने नियमाप्रमाणे सांगितले होते. मग त्यांनी पिशवीतला स्वतःचा राउटर काढला आणि पलंगामागच्या भिंतीतील रिकाम्या खाचेत जोडला. आपल्याला इंटरनेट मिळावे, एवढाच त्यांचा हेतू.

घडले ते असे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. यंत्र सुरू झाले की ते ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सर्वांना ऐकू जाईल अशी मारते, आणि जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकते. पत्ते वाटण्याचे काम आमच्या मुख्य यंत्राचे. पण वीज गेली-आली तेव्हा नवजात कक्षातील संगणक आणि तारेच्या जाळ्यावरच चालणारे इंटरकॉम एकदमच पुन्हा सुरू झाले, सगळ्यांनी हाका मारल्या, आणि त्या चिमुकल्या राउटरने मुख्य यंत्राच्या आधी उत्तर दिले. त्याने वाटलेले पत्ते भलत्याच गल्लीतले होते. यंत्रे चालू, दिवे लुकलुकत आहेत, पण प्रयोगशाळेतून निघालेली चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. बॅटरीच्या आधारावर असलेला प्रयोगशाळेचा संगणक मात्र बंदच न पडल्याने जुन्या पत्त्यावर सुखात होता आणि ‘अहवाल पाठवला’ असे दाखवत होता.

त्या गृहस्थांना मी रागावलो नाही. मला प्रश्न असा पडला की पाहुण्याला दार दिलेच नाही, तर तो खिडकीतून येणार नाही तर काय करील?

ओसरी, माजघर, देवघर

दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. रस्त्यावरचा माणूस देवडीपर्यंत. ओळखीचा ओसरीवर, त्याला पाणी, चहा, बसायला बैठक. घरोब्याचा असेल तर माजघरात. स्वयंपाकघरात आणि देवघरात कोणी जायचे ते आजी ठरवी. यात पाहुण्याचा अपमान कोणाला वाटला नाही; उलट ओसरी होती म्हणूनच पाहुण्याचे स्वागत मोकळेपणाने होत असे.

रुग्णालयाच्या जाळ्यात हीच रचना करता येते. एकाच तारेवर, एकाच स्विचवर आतून वेगवेगळ्या भिंती घालता येतात. त्याला व्ही-लॅन म्हणतात. आमच्याकडे पूर्वी अशी भिंत एकही नव्हती. बिलाचे संगणक, प्रयोगशाळेतील विश्लेषक यंत्रे, एक्स-रे, सीसीटीव्ही, माझा लॅपटॉप आणि कँटीनवाल्याचा मोबाइल, सारे एकाच खोलीत मांडी घालून बसलेले. शिवाय वाय-फायचा पासवर्ड एकच. तो रुग्णालयाच्या नावापुढे उद्घाटनाचे वर्ष जोडून केलेला आणि अनेक वर्षे न बदललेला. सोडून गेलेला प्रत्येक कर्मचारी तो सोबत घेऊन गेला होता.

हे केवळ लहान रुग्णालयांचेच होते, असे नव्हे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि पुढचे सुमारे दोन आठवडे देशातील त्या अग्रगण्य संस्थेत नोंदणी, अहवाल, दाखले हे सर्व हाताने लिहून चालले. जाळ्याचे विभाजन योग्य रीतीने केलेले नव्हते, असे कारण नंतर सरकारने संसदेत सांगितले. त्याआधी मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने ब्रिटनच्या आरोग्यसेवेला घेरले, तेव्हा इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे कामकाज विस्कळीत झाले. तो एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर आपोआप उडी मारत असे. मधे भिंत नसली की काय होते, हे गोवराची साथ पाहिलेल्या बालरोगतज्ज्ञाला सांगायला नको.

खाते म्हणजे काय

भिंती घातल्यावर दारावर कोणी तरी बसवावा लागतो. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला नेटवर्क अ‍ॅक्सेस कंट्रोल म्हणतात. सिस्कोचे आयएसई, अरुबाचे क्लिअरपास ही मोठी नावे. मुक्त स्रोतात पॅकेटफेन्स आहे. सगळ्यांच्या पोटात रेडियस नावाची एक जुनी पद्धत काम करते. १९९१ साली, टेलिफोनवरून इंटरनेटला जोडण्याच्या काळात, लिव्हिंग्स्टन नावाच्या अमेरिकन कंपनीने ती बसवली. तिचे काम तीनच प्रश्नांचे: तू कोण? तुला कोठपर्यंत परवानगी? आणि तू कधी आलास, कधी गेलास? आम्ही कोणते सॉफ्टवेअर घेतले ते येथे सांगत नाही, कारण हा लेख जाहिरात नव्हे. शिवाय पुढे ज्या चुका सांगणार आहे त्या बहुतांशी आमच्याच होत्या.

भिंतीतील खाचांसाठी ८०२.१एक्स नावाचे मानक आहे. खाचेत काहीही जोडले तरी स्विच आधी दार बंद ठेवतो आणि ओळख विचारतो. ओळख पटली तर योग्य खोलीत, न पटली तर ओसरीवर. २०१९ मध्ये एवढे असते तर त्या गृहस्थांचा राउटर ओसरीवरच राहिला असता आणि नवजात कक्षाने त्याची हाक ऐकलीच नसती. जुन्या विश्लेषक यंत्रांना ही भाषा येत नाही. त्यांना त्यांच्या हार्डवेअरच्या क्रमांकावरून ओळखावे लागते. तो क्रमांक नकली करता येतो, म्हणून अशा यंत्रांची खोली मुद्दाम लहान आणि बंदिस्त ठेवावी लागते.

आता मुख्य मुद्दा अतिथी-खात्याचा. मला वाटे, पाहुण्यासाठी एक वेगळा पासवर्ड काढून फलकावर लिहिला की झाले. तरुण अभियंत्याने मला शांतपणे विचारले, “सर, सगळ्या पेशंटना एकच केसपेपर देता का तुम्ही?” हा प्रश्न मला लागला. खाते म्हणजे केसपेपरच. कोणाचे, कोणाच्या सांगण्यावरून उघडले, कधीपासून, कधीपर्यंत, एका वेळी किती यंत्रांवर, किती वेगाने, आणि कोणत्या खोलीपर्यंत. या सात प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढा, मगच सॉफ्टवेअर उघडा, एवढे एकच सांगणे मी या लेखात आग्रहाने करीन. आम्ही उलटे केले आणि तीन आठवडे घालवले.

‘कोणाच्या सांगण्यावरून’ या प्रश्नाला सॉफ्टवेअरच्या भाषेत स्पॉन्सर म्हणतात. मी त्याला यजमान म्हणतो. आमच्याकडे दाखल रुग्णाच्या नातेवाइकांचे यजमान स्वागतकक्ष, आणि यंत्रे दुरुस्त करायला येणाऱ्यांची यजमान ते यंत्र ज्या विभागाचे आहे त्याची प्रमुख. यजमानाला स्वतःच्या नावाने प्रवेश करून खाते काढावे लागते, त्यामुळे हे पाहुणे कोणाचे, हा प्रश्न उरत नाही. सुरुवातीला मी सर्व सिस्टरना यजमानपण दिले होते. महिनाभरात खाती शेकड्यांनी झाली, कारण कोणाला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही. मग ते काढून घेतले. थोडी नाराजी झाली.

नातेवाइकाचे खाते मोबाइलच्या क्रमांकावर निघते. त्यावर संदेशाने सहा आकडी परवलीचा क्रमांक जातो, तो प्रवेशपानावर घातला की दार उघडते. येथे एक व्यावहारिक सूचना: आपल्या देशात असे संदेश पाठवण्यापूर्वी संस्थेची आणि संदेशाच्या मजकुराचीही नोंदणी करावी लागते, आणि मजकुरात एक शब्द जरी वेगळा गेला तरी संदेश पोहोचत नाही. आमचे पहिले चार दिवस यात गेले. ज्या आजी-आजोबांकडे मोबाइलच नाही किंवा चष्म्याविना दिसत नाही, त्यांच्यासाठी छापील चिठ्ठीचा पर्याय ठेवला आहे.

एका खात्यावर दोन यंत्रे, एवढी मर्यादा. यामागे कंजूषपणा नाही. मर्यादा नसेल तर एक चिठ्ठी संपूर्ण वॉर्डात फिरते आणि नोंदीला काही अर्थ राहत नाही. पाहुण्यांची यंत्रे एकमेकांनाही दिसणार नाहीत, असे एक बटण असते. ते अवश्य चालू करावे. ओसरीवर बसलेल्या दोघांनी एकमेकांच्या पिशव्यांत डोकावण्याचे कारण नाही. आणखी एक फसगत: पूर्वी यंत्राचा हार्डवेअर क्रमांक लक्षात ठेवून पाहुण्याला पुन्हा न विचारता आत घेता येई. हल्लीचे फोन गोपनीयतेसाठी हा क्रमांक बदलून सांगतात. अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून आणि आयफोनमध्ये २०२० पासून ही सोय आपोआप चालू असते. त्यामुळे काही फोन परत आले की नवखे ठरतात आणि ‘दोन यंत्रे’ भरून जातात. यावर आम्ही जुनी नोंद बारा तासांनी पुसली जाईल असे केले. पूर्ण समाधानकारक उपाय हा नव्हे.

साडेपाचचे कोडे

अतिथी या शब्दाची आपल्याकडची व्युत्पत्ती अशी सांगतात की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी. सॉफ्टवेअरला हे अजिबात मान्य नाही. त्याचा पहिला हट्टच तिथीचा: कधीपासून, कधीपर्यंत. यातही दोन प्रकार. खाते काढल्या क्षणापासून वेळ मोजायची, की पाहुण्याने पहिल्यांदा प्रवेश केल्यापासून? बाह्यरुग्ण विभागात आम्ही दुसरा प्रकार ठेवला, कारण आई आधी बाळाला दाखवते, मग औषधे घेते आणि शेवटी फोन काढते. दाखल रुग्णांसाठी पहिला: तीन दिवस, मुक्काम वाढला तर स्वागतकक्षातून वाढवून घ्यायचे. खाते शेवटच्या दिवशी रात्री बाराला संपेल, असे घातले.

सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच तक्रार आली. पहाटे साडेपाचला वाय-फाय तुटते. रोज नाही, सर्वांचे नाही, पण ज्यांचे तुटते त्यांचे बरोबर साडेपाचलाच. नवजात कक्षात एक आई होती; तिचे बाळ ३१ आठवड्यांचे. नवरा टोरांटोला. आपल्याकडे पहाटे साडेपाच म्हणजे तेथे संध्याकाळ. तो कामावरून आला की ती पहाटे बाळाला छातीशी घेऊन त्याला दाखवी. कांगारू मातृसेवेची ती आमच्याकडची सर्वांत मनापासून पाळलेली वेळ होती, हे मी हसत हसत सांगत असे. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता चित्र गोठले, आणि बाळालाच काही झाले असे वाटून तो तेथून सारखा आमच्या लँडलाइनवर फोन करीत राहिला.

कारण सापडायला दोन दिवस लागले, आणि सापडल्यावर कपाळावर हात मारला. यंत्राचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होते. त्याच्या मते रात्रीचे बारा वाजले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. वेळेचा विभाग निवडायच्या रकान्यात कोणी हातच लावला नव्हता. शिवाय खाते संपले की नवा प्रवेश रोखायचा की चालू संभाषणही तोडायचे, हाही वेगळा पर्याय असतो. आमच्याकडे तोडायचे, असे निवडलेले होते. आता घड्याळ भारतीय वेळेवर आहे, खाते मध्यरात्री नव्हे तर दुपारी बाराला संपते, आणि दोन तास आधी पाहुण्याला संदेश जातो. दुपारी स्वागतकक्षात माणूस असतो, हे त्यामागचे कारण. रात्रीची वेळ कोणी आणि का निवडली होती, याचे उत्तर मला मिळालेले नाही. बहुधा ती आधीपासूनच तेथे होती.

नोंद कशाला?

काही मित्रांचे म्हणणे असे की एवढी नोंद ठेवण्याची गरज काय. पाणपोईवर कोणी नाव विचारतो का? त्यांना मी २६ जुलै २००८ ची आठवण देतो. अहमदाबादचे बॉम्बस्फोट आपण गुजरातवासी विसरणे शक्य नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, जखमींना आणले जात होते तेथेही स्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना जो ई-मेल आला, तो नवी मुंबईतील एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून गेलेला होता. वापरणारा दुसराच, पोलीस मात्र आधी या गृहस्थाच्या दारात. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख छायाचित्रासह ओळखपत्राने किंवा मोबाइलवरील संदेशाने पटवावी, असे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना बजावले. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि हल्ल्यासारखा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा आहे. आमच्या अतिथी-खात्यांच्या नोंदी १८० दिवस राहतात आणि नंतर आपोआप पुसल्या जातात. ‘पुसल्या जातात’ हा भागही तितकाच महत्त्वाचा. पालकांचे मोबाइल क्रमांक ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर ती जबाबदारी कायद्याचीही झाली आहे.

या ओघात एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. यंत्रणा बसवत असताना एक विक्रेता आला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, एक पैसाही देऊ नका. सगळी यंत्रे आम्ही फुकट लावतो. फक्त प्रवेशपानावर जाहिराती आमच्या.” कोणत्या जाहिराती, असे विचारता त्याने पुढे केलेल्या यादीत लहान बाळांच्या डबाबंद दुधाचे आणि सहा महिन्यांनंतरच्या तयार आहाराचे नाव होते. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी, दूध येते की नाही या काळजीत असलेल्या आईने फोन उघडावा आणि तिला पहिल्यांदा दुधाचा डबा दिसावा! शिशु दुग्धपर्याय कायदा १९९२ चा, त्यात २००३ साली सुधारणा झाली, आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा उत्पादनांच्या जाहिरातीस त्याने बंदी आहे, हे मी त्याला सांगितले. त्याला ते खरोखरच ठाऊक नव्हते. आमच्या प्रवेशपानावर आता मराठी, गुजराती आणि हिंदीत चार ओळी असतात: हात कसे धुवावेत, ओआरएस कसे कालवावे, स्तनपानासाठी मदत हवी असल्यास कोणत्या सिस्टरना बोलवावे. किती जण वाचतात, हे मी मोजलेले नाही.

बाह्यरुग्ण विभागात फुकट इंटरनेट म्हणजे प्रत्येक बाळाच्या हाती कार्टून, हा आक्षेप माझ्या पत्नीचा. त्याही डॉक्टर आहेत. आक्षेप रास्त आहे. एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि आम्ही तेच तोंडाने सांगायचे व राउटरने उलट करायचे, हे बरे दिसत नव्हते. म्हणून बाह्यरुग्ण खात्याचा वेग इतका ठेवला आहे की संदेश, पैसे भरणे, रिक्षा बोलावणे चालेल. चलचित्र मात्र अडखळेल. वॉर्डात ही अट नाही. आठ दिवस सुईला सामोऱ्या जाणाऱ्या मुलाला कार्टून पाहू द्यावे, असे माझे मत आहे, आणि ते पाठ्यपुस्तकात बसत नसले तरी मी बदलणार नाही.

कंपनीचा माणूस

सर्वांत कठीण पाहुणा नातेवाईक नव्हे. तो असतो यंत्राची देखभाल करायला येणारा कंपनीचा अभियंता. त्याला ओसरीवर बसवून भागत नाही. त्याला यंत्रापर्यंत, म्हणजे माजघराच्याही आत जावे लागते. शिवाय तो त्याच लॅपटॉपने सकाळी दुसऱ्या रुग्णालयात काम करून आलेला असतो. हात न धुता एका पाळण्यावरून दुसऱ्या पाळण्याकडे जाण्यासारखेच हे. अमेरिकेतील टार्गेट या दुकानांच्या साखळीतून २०१३ च्या अखेरीस सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते शीतयंत्रांची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराला दिलेल्या खात्यावरून. थंड यंत्रांच्या कारागिराला दिलेले दार गल्ल्यापर्यंत उघडे होते, एवढेच त्याचे सार.

आमच्याकडे अशा अभियंत्यांसाठी कायमचे एक सामाईक खाते होते. नाव ‘सर्व्हिस’, पासवर्डही तोच. ते बंद करायला निघालो तेव्हा विरोध बाहेरून नव्हे, आतून झाला. रात्री दोनला यंत्र बिघडले तर खाते कोण काढणार, हा प्रयोगशाळेचा प्रश्न बिनतोड होता. शेवटी तडजोड अशी: प्रत्येक अभियंत्याचे त्याच्या नावाने खाते तयार असते, पण निजलेले. तो आला की विभागप्रमुख किंवा रात्री असलेला निवासी डॉक्टर ते आपल्या फोनवरून जागे करतो. ते चार तास जागे राहते, त्याच्या यंत्रापुरतेच उघडते आणि मग आपोआप निजते. दूरवरून, त्याच्या कार्यालयात बसून यंत्र पाहायचे असेल तरी हीच वाट. एका कंपनीने हे मान्य करायला पाच महिने घेतले. त्या पाच महिन्यांत आम्ही त्या यंत्राची तार इंटरनेटपासून काढून ठेवली होती आणि त्यांचा माणूस स्वतः येत असे.

भेट देणारे सल्लागार डॉक्टर हे पाहुणे की घरचे, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. मी त्यांना घरचे मानतो. त्यांना स्वतःच्या नावाची खाती आहेत, अहवाल दिसतात, पण दर तीन महिन्यांनी खाते पुन्हा मंजूर करावे लागते. कोणी मंजूर केले नाही तर ते थांबते. एका ज्येष्ठ शल्यचिकित्सक मित्राने मला फोन करून, “माझ्याच घरात मला दर तिमाहीला ओळख विचारतोस का रे?” असे सुनावले. मी क्षमा मागितली आणि नियम तसाच ठेवला.

खर्चाचे विचाराल तर नवे स्विच ही मोठी बाब ठरली. सॉफ्टवेअर त्यामानाने कमी. मुक्त स्रोतातले घेतले तर परवान्याचा खर्च नाही, पण ते समजणारा माणूस जवळ हवा. सर्व एकदम करू नये. आम्ही आधी वाय-फायवरील पाहुणे वेगळे केले, मग भिंतीतल्या रिकाम्या खाचा बंद केल्या, मग प्रयोगशाळेची खोली बांधली आणि नवजात कक्ष सर्वांत शेवटी घेतला, कारण तेथे चूक परवडणारी नव्हती. चिठ्ठी घेऊन खाली-वर करणाऱ्या मावशींचे काम मात्र पुन्हा सुरू केले. बिलिरुबिन, साखर आणि रक्तवायूंचे अहवाल आमच्याकडे संगणकावर येतात आणि कागदावरही येतात.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी मी, व्यवस्थापक आणि तो तरुण अभियंता चहा घेत खात्यांची यादी वाचतो. फार तर अर्धा तास लागतो. गेल्या महिन्यात यादीत एका निवासी डॉक्टरचे नाव निघाले. तिला आमच्याकडून जाऊन सात महिने झाले होते. कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मी तिला फोन लावला, सध्या कोठे आहेस, परीक्षेचे काय झाले, हे विचारले, आणि मग तिचे खाते बंद केले.